हप्ता सातबाऱ्याला, नांगर दुसऱ्याच्या हातात

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. पण गावाकडं जमीन असलेल्यांनी वाचाच.

आपल्या कर्वेनगरात राहून गावच्या शेताचा पीएम किसानचा हप्ता घेणारी घरं कमी नाहीत. नियमात बसत असेल तर त्यात गैर काही नाही. (प्राप्तिकर भरत असाल तर बसत नाही, हेही सांगून ठेवतो.) माझा प्रश्न वेगळा आहे. ते शेत कसतं कोण? बऱ्याचदा भाऊबंद, नाहीतर गावातला बटईदार. त्याच्या खात्यात काय येतं? काही नाही.

हे दुखणं आजचं नाही. 1875 साली आपल्याच जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. पाठोपाठ 1876-78 चा दुष्काळ. मग इंग्रज सरकारनं दोन कायदे केले: 1883 चा विहिरी-ताली अशा जमीनसुधारणेसाठी, 1884 चा बी-बियाणं आणि बैलांसाठी. आपले आजोबा जिला तगाई म्हणायचे ती हीच. शब्द इंग्रजांच्याही आधीचा. तगाई मिळायची तारण नाहीतर जामीन बघून, आणि थकली तर वसुली शेतसाऱ्यासारखी. ज्याच्यापाशी दोन्ही नाही, त्याला परत सावकाराचाच उंबरठा.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. कसणारी कुळं त्या दिवसापासून कायद्यानं मालक मानली गेली. काम मोठं झालं, यात वाद नाही. पण त्याची दुसरी बाजू फारसं कुणी बोलत नाही. ‘कूळ लागेल’ ही धास्ती मालकांच्या मनात अशी बसली, की पुढं कसणाऱ्याचं नाव कागदावर येऊच द्यायचं नाही, असा रिवाज पडला. बटई, अर्धेली, खंड सगळं तोंडी. कसणाऱ्याला मालक करणाऱ्या कायद्यानंतर पुढचा कसणारा कागदावरूनच पुसला गेला!

बायकांचं तर विचारूच नका. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. 1900 साली अण्णा कर्व्यांनी विधवांचा आश्रम इथं आणला. शेतकरी बाईचं नाव सातबाऱ्यावर लावायची चळवळ मात्र त्यानंतर नव्वद वर्षांनी उभी राहिली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची ‘लक्ष्मीमुक्ती’. 1992 मध्ये सरकारनं परिपत्रक काढलं, की नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येईल. नवऱ्याच्या संमतीनं, हे लक्षात घ्या. 2006 पासून आत्महत्याग्रस्त कुटुंबाला जी एक लाखाची मदत मिळते, तिच्या निकषातही घरात कुणाच्या तरी नावावर जमीन हवी. दुसऱ्याचं रान करून कर्जात बुडालेल्या बटईदाराची विधवा तिथंच अडते.

आता आजचं. पीएम किसान 2019 मध्ये सुरू झाली. वर्षाला 6000 रुपये, तीन हप्त्यांत. 2023 मध्ये राज्यानं ‘नमो शेतकरी’चे आणखी 6000 जोडले. बाराही हजार पुन्हा सातबाऱ्याच्या नावावर. 1 फेब्रुवारी 2019 ला जमीन नावावर हवी. वारसानं आली तर गोष्ट वेगळी. दुसऱ्याची जमीन कसणारा योजनेत नाहीच.

“बटईदार शोधायचे कसे?” असं अधिकारी विचारतात. ओडिशानं 2018 च्या अखेरीस ‘कालिया’ योजना जाहीर केली, तिच्यात भागानं शेती करणारे आणि भूमिहीनसुद्धा धरले. याद्यांत घोळ झाले, बोंबही झाली. पण निदान त्यांना शेतकऱ्यांत मोजलं.

आपल्याकडं 2021 पासून ई-पीक पाहणी आहे. सातबाऱ्यातला ‘बारा’ म्हणजे पिकाचा नमुना, तो आता मोबाईलवरून भरतात. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. मालक शहरात असला, की तो फोटो काढणारा बहुतेक बटईदारच असतो. अ‍ॅपमध्ये नाव मात्र खातेदाराचं निवडायचं. कसणाऱ्यासाठी तिथं एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? तुमच्या गावी काय चालतं, कमेंटमध्ये सांगा.