प्रमाण भिंग, वेगवान

छायाचित्रणातील स्थिर केंद्रांतराचे, म्हणजे झूम न होणारे, भिंग. ज्याचे केंद्रांतर फिल्मच्या किंवा संवेदकाच्या चौकटीच्या कर्णाइतके किंवा त्याच्या जवळपास असते ते प्रमाण भिंग; त्याचे ॲपर्चर एफ/२ किंवा त्याहून मोठे उघडत असेल, तर त्याला सामान्यतः वेगवान म्हणतात. २४ × ३६ मिमी. चौकटीचा कर्ण ४३.३ मिमी. असूनही व्यवहारात ५० मिमी. हेच प्रमाण रूढ झाले. छायाचित्रकारांच्या बोलण्यात ते ‘फिफ्टी’.

हा आकडा रुळला तो लायका कॅमेऱ्यामुळे. वेट्सलार येथील लाइट्स कंपनीत ऑस्कर बारनाक यांनी सिद्ध केलेला हा कॅमेरा १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत मांडला गेला. त्याचे ५० मिमी., एफ/३.५ भिंग माक्स बेरेक यांचे. ४३ ऐवजी ५० का, याविषयी एकमत नाही. हे भिंग ‘डोळ्याला दिसते तसेच’ टिपते, असे सर्रास लिहिले जाते. ते बेतानेच घ्यावे. यथादर्शन वस्तूपासूनच्या अंतराने ठरते, भिंगाने नव्हे. भिंग फक्त किती दृश्य चौकटीत घ्यायचे ते ठरवते, आणि ५० मिमी.च्या बाबतीत तो कोन कर्णरेषेवर सुमारे ४७° असतो.

रचना : या भिंगाचा इतिहास हा मुख्यतः ‘दुहेरी गाउस’ रचनेचा इतिहास होय. गणिती गाउस यांनी १८१७ मध्ये दुर्बिणीसाठी एक बहिर्वक्र व एक अंतर्वक्र अशा दोन चंद्रकोरी भिंगांची जोडी सुचवली. अशा दोन जोड्या ॲपर्चरच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवल्या, की कोमा, विरूपण आणि पार्श्व वर्णविपथन हे दोष बव्हंशी एकमेकांना छेदतात. येना येथील झाइस कारखान्यात पाउल रुडोल्फ यांनी १८९६ मध्ये याच तत्त्वावर ‘प्लानार’ बनवले. त्यात हवा व काच यांच्या सीमेवरचे आठ पृष्ठभाग होते. प्रत्येकावर चार-पाच टक्के प्रकाश परावर्तित होई; जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाया जाई आणि त्यातला काही फिल्मवर धुरकटपणा होऊन उतरे. त्यामुळे उत्तम रचना असूनही प्लानार दीर्घकाळ मागेच राहिले. १९२० मध्ये इंग्लंडच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन कंपनीत एच. डब्ल्यू. ली यांनी सममिती थोडी मोडून एफ/२ गाठले. लूडविग बेर्टेले यांनी निराळी वाट धरली : जाड, चिकटवलेल्या भिंगसमूहांचे त्यांचे ‘झोनार’ (१९३२) अवघ्या सहा सीमापृष्ठांत एफ/१.५ देई. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधी लेप शोधला आणि पृष्ठभागांची संख्या ही अडचण उरली नाही. पुढे एसएलआर कॅमेरे आले. त्यातल्या हलत्या आरशाला भिंगामागे जागा हवी. झोनारचे मागचे भिंग फिल्मला फार जवळ येते. बाजी गाउस रचनेने मारली. आज मिळणारे सर्वांत स्वस्त एफ/१.८ हे त्याच कुळातले.

नित्य वापर : या भिंगाचा खरा गुण कोनापेक्षा प्रकाशाचा. संध्याकाळी एका दिव्याच्या खोलीत, आयएसओ १६०० ठेवून, एफ/१.८ ला सुमारे १/१६० सेकंद मिळतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट झूमच्या एफ/५.६ ला तिथेच १/१६ वर यावे लागते. स्वयंपाकघरात पोळी लाटणारे हात पहिल्या छायाचित्रात थांबलेले दिसतात, दुसऱ्यात फराटा होतो. फ्लॅश लागत नाही, म्हणून माणसे अवघडत नाहीत.

मोबदला सुस्पष्टतेच्या खोलीत द्यावा लागतो. एक मीटरवरून एफ/१.८ ला ती जेमतेम ४ सेंमी. असते : डोळा स्वच्छ, कान पुसट. दोन माणसे मागेपुढे बसली असतील, तर एफ/४ लाही एकच चेहरा धरला जातो. पूर्ण उघड्या ॲपर्चरला कडा मऊ येतात व कोपरे काळवंडतात, एफ/२.८ पर्यंत मिटवले, की चित्र बरेच सुधारते.

मागचे दिवे कसे उमटतात, हा रसिकांचा आवडता विषय. कॅननच्या १९९० मधील प्लॅस्टिकच्या, १३० ग्रॅमच्या ५० मिमी. एफ/१.८ भिंगात ॲपर्चरची पाच पाती होती; दिवाळीत एफ/२.८ ला ओळीतली प्रत्येक पणती पंचकोनी दिसे. पूर्ण उघडल्यास मधल्या पणत्या गोल, कोपऱ्यांतल्या लिंबाच्या आकाराच्या. २०१५ च्या आवृत्तीत पाती सात झाली.

लहान आकाराच्या एपीएस-सी संवेदकावर ५० मिमी. भिंग ७५ ते ८० मिमी.सारखे वागते. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी पंगत चौकटीत मावत नाही. तिथे ३५ मिमी. हेच प्रमाण समजावे.

१९७० च्या दशकापर्यंत नवा एसएलआर बहुधा याच भिंगासह विकला जाई. नंतर ती जागा झूमने घेतली (पहा : झूम भिंग).

चलच्चित्रण : स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’मधील (१९७५) मेणबत्तीच्या उजेडातली दृश्ये झाइसच्या ५० मिमी. एफ/०.७ भिंगाने टिपली.

निगा : कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशी धरते व ती लेप खाते. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवावे.