शनिवारच्या आत नॅशव्हिलला

कंट्री संगीताचा इतिहास आपण बहुतेक वेळा रेकॉर्डच्या यादीवरून शिकतो. अमुक साली अमुक गाणं, तमुक साली तमुक. आज मला ते सगळं थोडं बाजूला ठेवायचं आहे. या लोकांचं पोट रेकॉर्डवर चालत नव्हतं आणि रेडिओवर तर नव्हतंच. ते चालायचं गावच्या शाळेत, तंबूत किंवा डान्स हॉलमध्ये रात्री जमणाऱ्या तिकिटाच्या पैशावर. आपल्याकडचे ऑर्केस्ट्रावाले ज्याला 'सुपारी' म्हणतात ना, तोच हा धंदा. रेडिओ आणि रेकॉर्ड या दोन्ही त्याच्या जाहिराती होत्या.

कार्टर फॅमिलीपासून सुरुवात करू. ऑगस्ट 1927 मध्ये टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टॉल गावात व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पियरनं त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं. त्याच आठवड्यात तिथं जिमी रॉजर्सचंही झालं. (किशोरकुमारनी यॉडेलिंग ज्यांच्या तबकड्यांवरून उचललं असं सांगतात, त्यांतले एक हेच रॉजर्स.) रेकॉर्ड खपल्या, नाव झालं, तरी कार्टर मंडळी डोंगराळ भागातल्या शाळांत आणि चर्चमध्ये गातच राहिली. तिकीट 15 आणि 25 सेंट. पोस्टरवर कार्यक्रम नैतिकदृष्ट्या चांगला असल्याची ग्वाही छापलेली असायची. हे कशाला, तर शाळेची खोली द्यायची की नाही हे गावातली वजनदार माणसं ठरवत, आणि फिरत्या कलावंतांबद्दल त्यांचं मत काय असायचं हे आपल्या तमाशाच्या देशात मी वेगळं सांगायला नको.

आता त्या खोलीचा विचार करा. 1930 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या दहापैकी नऊ शेतघरांत वीज नव्हती. गावातल्या शाळेतही बहुधा कंदीलच. लोक बाकांवर बसून ऐकणार, नाचणार नाहीत. तिथं एक गिटार, एक ऑटोहार्प आणि दोन-तीन आवाज पुरतात. कार्टर फॅमिलीचं संगीत इतकं साधं, स्वच्छ का, याचं अर्धं उत्तर मला त्या खोलीत दिसतं.

रेडिओ आला आणि या फिरण्याला दोर बांधला गेला. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर 1925 च्या नोव्हेंबरात शनिवार रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला. दोन वर्षांनी त्याला 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव मिळालं. 1932 मध्ये केंद्राची शक्ती 50,000 वॉट झाली आणि रात्री तो आवाज कितीतरी राज्यांत पोचू लागला. त्याचा मोबदला किरकोळ होता. मोल होतं ते ऑप्रीचे कलाकार म्हणून होणाऱ्या नावाला. त्या नावावर दूरच्या गावात तिकीट खपायचं. पण अट अशी, की शनिवारी परत नॅशव्हिलमध्ये हजर व्हायचं. म्हणजे शनिवारी रात्री कार्यक्रम संपला की निघायचं, आठवडाभर गावं करायची आणि पुढच्या शनिवारच्या आत परत फिरायचं. मोठाले हमरस्ते तेव्हा नव्हते. एका गाडीत पाच-सहा माणसं कोंबलेली, टपावर दोरीनं बांधलेला डबल बास, आणि झोप घ्यायची ती बसल्या बसल्या.

बिल मन्रो 1939 मध्ये ऑप्रीवर आला. चाळीसच्या दशकात तो स्वतःचा तंबू घेऊन फिरायचा, आणि त्याची एक मजेशीर युक्ती होती. बँडमधल्या लोकांचाच बेसबॉल संघ करायचा, गावाच्या संघाशी सामना खेळायचा आणि रात्री तंबूत कार्यक्रम. गाव एकदा मैदानावर जमलं की अर्धं काम झालंच! डिसेंबर 1945 मध्ये अर्ल स्क्रग्ज नावाचा 21 वर्षांचा बँजोवादक त्याच्याकडे आला. युद्धकाळात तो सूतगिरणीत काम करत होता. आज ज्याला आपण ब्लूग्रास म्हणतो तो आवाज याच बँडनं घडवला. पण बँड मन्रोचा होता आणि स्क्रग्ज पगारी नोकर. आठवड्याला ठरलेली रक्कम. अखंड प्रवासाला कंटाळून 1948 च्या सुरुवातीला त्यानं नोकरी सोडली, पाठोपाठ लेस्टर फ्लॅटही गेला, आणि दोघांनी स्वतःचा बँड काढला. मन्रो पुढं वीसेक वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. याला लोक कलावंतांचा अहंकार म्हणतात. मला त्यात मालक आणि कामगार जास्त दिसतात.

साथीदाराचं सगळ्यांत कठीण उदाहरण डीफोर्ड बेलीचं. ऑप्रीच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक, अफलातून हार्मोनिकावादक आणि कृष्णवर्णीय. रॉय एकफ 1938 मध्ये नवखा होता, तेव्हा त्याच्या दौऱ्यावर गर्दी खेचण्यासाठी बेलीचं नाव लागायचं. दक्षिणेत तेव्हा कायद्यानं वर्णभेद होता. म्हणजे लोक तिकीट काढून ज्याला ऐकायला यायचे, त्यालाच त्या गावातल्या हॉटेलात खोली मिळायची नाही. बाकीचे जेवायला बसले की यानं आपलं जेवण कुठं मिळतंय ते शोधायचं, रात्री एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरी आसरा बघायचा. तिकीटविक्री कितीही होवो, त्याला ठरलेलीच बिदागी. 1941 मध्ये ऑप्रीनं त्याला काढलं. नंतर त्यानं नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवलं. हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं 2005 साली, मृत्यूनंतर 23 वर्षांनी.

आता जरा पश्चिमेला, टेक्सासकडे जाऊ. तिथला श्रोता बसून ऐकणारा नव्हता, त्याला नाचायचं होतं. फोर्टवर्थमध्ये 1931 साली एका पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीसाठी 'लाइट क्रस्ट डोबॉइज' हा बँड रेडिओवर वाजू लागला. गिरणीचा मॅनेजर डब्ल्यू. ली ओ'डॅनियल, जो पुढं टेक्सासचा गव्हर्नर झाला, बँडला डान्समध्ये वाजवू देत नसे. मिल्टन ब्राउन 1932 मध्ये बाहेर पडला, त्याचं एक मोठं कारण हेच. पुढच्या वर्षी बॉब विल्सही गेला. ओ'डॅनियल त्याच्यावर कोर्टात गेला आणि हरला.

विल्स 1934 मध्ये ओक्लाहोमातल्या टल्साला पोचला. केव्हीओओ केंद्रावरून रोज दुपारी कार्यक्रम आणि रात्री कुठल्यातरी गावात डान्स. बघा, इथला दोर वेगळा आहे. ऑप्रीचा दोर आठवड्याचा, हा एका दिवसाचा. नाच संपवून उद्या दुपारी माइकसमोर उभं राहता येईल एवढ्याच अंतरावरचं गाव घ्यायचं. आणि वाजवायचं ते शेकडो पायांच्या आवाजावर ऐकू गेलं पाहिजे. मिल्टन ब्राउनच्या बँडमधल्या बॉब डननं स्टील गिटारला वीज जोडली, 1935 मध्ये तिचं ध्वनिमुद्रणही झालं. विल्सनं ड्रम आणले, ट्रम्पेट-सॅक्सोफोन आणले. विल्सचा बँड 1944 च्या अखेरीस ऑप्रीवर वाजवायला गेला, तेव्हा तिथल्या मंडळींना त्या ड्रमसेटचं काय करावं हाच प्रश्न पडला. बसून ऐकणाऱ्यांच्या जगात नाचणाऱ्यांचं वाद्य शिरत होतं.

या रस्त्यानं माणसंही खाल्ली. मिल्टन ब्राउन एप्रिल 1936 मध्ये मोटार अपघातानंतर गेला, वय जेमतेम 32. पॅट्सी क्लाइन मार्च 1963 मध्ये कॅन्सस सिटीतल्या मदतनिधीच्या कार्यक्रमाहून परतताना विमान अपघातात गेली. आणि हँक विल्यम्स. 31 डिसेंबर 1952 ला चार्ल्सटनचा कार्यक्रम बर्फाच्या वादळामुळं रद्द झाला. दुसऱ्या दिवशी ओहायोतल्या कँटनला पोचायचं होतं, म्हणून एका कॉलेजच्या पोराला ड्रायव्हर घेऊन गाडी निघाली. वाटेत वेस्ट व्हर्जिनियात ओक हिल इथं कळलं की मागच्या सीटवरचा हँक गेलाय. वय 29. कँटनमध्ये मंचावरून बातमी सांगितली तेव्हा काही लोक हसले. हँक कार्यक्रम बुडवायचा, त्यामुळं त्यांना ही नवी थापच वाटली. कार्यक्रम मात्र झाला. तिकिटं विकली गेली होती, बाकीचे कलाकार पोचले होते.

हँकच्या साथीदारांचं काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. त्यांना दुसरा मालक शोधावा लागला. रे प्राइस या टेक्सासच्या गायकानं त्यांना घेतलं. पण मागं तोच बँड, त्यामुळं प्राइस हँकची नक्कल वाटू लागला. मग त्यानं नवी माणसं घेतली, टेक्सासच्या डान्स हॉलमध्ये तयार झालेली. 1956 मध्ये त्याचं 'क्रेझी आर्म्स' आलं, नाचायला बरोब्बर जमेल अशा ठेक्यातलं, आणि 20 आठवडे कंट्रीच्या यादीत पहिलं राहिलं. शनिवारी नॅशव्हिलमध्ये आता तोच ठेका वाजू लागला.