विरूपित अणुकेंद्रांतील बीटा-कंपनाचा प्रश्न

भरलेल्या कवचाबाहेरील न्यूक्लिऑन आपल्या गतीने अणुकेंद्राच्या गाभ्याचा गोलाकार मोडू शकतात, असे कोलंबिया विद्यापीठातील जेम्स रेनवॉटर यांनी १९५० साली दाखविले. ऑगे बोर त्या सुमारास तेथेच होते. त्यांनी १९५२ मध्ये, व पुढील वर्षी कोपनहेगन येथे बेन मॉटेलसन यांच्यासह, अणुकेंद्राच्या पृष्ठभागाची आंदोलने आणि एकेका न्यूक्लिऑनची गती यांची सांगड घातली. या तिघांस १९७५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सिद्धान्तात अणुकेंद्राचा आकार पाच चलांनी व्यक्त होतो. त्यांतील तीन अवकाशातील दिशा सांगतात. उरलेल्यांपैकी बीटा हे विरूपणाचे मान, तर गॅमा हे अक्षीय सममिती ढळल्याचे मान होय. लांबट अणुकेंद्र अक्षाच्या दिशेने लांब-आखूड होत राहिले तर ते बीटा-कंपन. त्याचा मधला वर्तुळाकार छेद लंबवर्तुळाकार होऊ लागला तर ते गॅमा-कंपन. कागदावर ही जुळी भावंडेच.

निसर्गाने मात्र त्यांना सारखे वागविलेले नाही. एर्बियम-१६८ मध्ये परिवलनाची पहिली पातळी सुमारे ८० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर, तर गॅमा-कंपन ८२१ वर स्पष्ट आढळते. इतकेच नव्हे, तर दोन गॅमा-कंपने एकवटलेली २०५५ ची पातळीही १९९१ मध्ये ग्रेनोबल येथील मापनांतून निश्चित झाली. ती दुपटीहून बरीच वर आहे, म्हणजे हे आंदोलन काटेकोर सरल नव्हे. पण ते कंपन आहे, याविषयी शंका उरत नाही.

त्याच अणुकेंद्रातील १२१७ ची, शून्य कोनीय संवेगाची पातळी दीर्घकाळ बीटा-कंपन म्हणून ओळखली गेली. परंतु खऱ्या बीटा-कंपनाकडून मूळ पट्ट्याकडे जी प्रबल संक्रमणे अपेक्षित, ती येथे क्षीणच आहेत. अरिमा व इयाकेलो यांच्या १९७५ च्या बोसॉन-प्रतिमानानुसार अशा पातळीचे नाते मूळ पट्ट्यापेक्षा गॅमा-पट्ट्याशी अधिक जुळते. शिवाय न्यूक्लिऑनांच्या जोड्या जुळण्याच्या क्रियेचा विचार १९५८ पासून सुरू झाला होताच. तीतील चढउतारांनीही शून्य-पातळी निर्माण होऊ शकते. नाव रूढ झाले, पुरावा मागे राहिला, असे म्हणावे लागते.

पॉल गॅरेट यांनी २००१ मध्ये उपलब्ध मापनांचा आढावा घेतला, तेव्हा बीटा-कंपन या नावास पात्र अशा पातळ्या थोड्याच निघाल्या. लगेच २००२ मध्ये गॅडोलिनियम-१५८ मध्ये सुमारे ३.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टांखाली अशा तेरा उत्तेजित शून्य-पातळ्या नोंदल्या गेल्या. तेव्हापासून अनेक संशोधक केवळ 'दुसरी शून्य-पातळी' असाच सावध उल्लेख करतात.