बरगड्यांच्या अस्थिभंगातील वेदनाशमन : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक दृष्टिक्षेप

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि मेहकर, सिंदखेडराजा परिसरातून भरधाव वाहतूक सुरू झाली. अशा मार्गांवरील अपघातांत बरगड्या मोडतात. वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचून न्यूमोनिया बळावतो. म्हणून येथे वेदनाशमन हा श्वसनाचाच उपचार होय.

१९०५ साली जर्मनीत ह्युगो सेल्हाइम यांनी मणक्यालगतच्या चेता बधिर करण्याची रीत अवलंबिली. पुढे एपिड्युरल प्रमाण ठरले. मात्र त्यात रक्तदाब उतरतो, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यास कण्यात रक्तस्रावाचे भय असते. २०१३ चा सेरेटस ब्लॉक पुढील व बाजूच्या बरगड्यांना, तर २०१६ चा इरेक्टर स्पायनी ब्लॉक मागील बरगड्यांनाही उपयोगी पडतो. दोन्हींत सुई मज्जारज्जूपासून दूर राहते.

परंतु हे ब्लॉक बहुधा सोनोग्राफीच्या साह्याने दिले जातात, आणि त्या यंत्राचा इतिहास निराळा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. २०११ च्या जनगणनेत बुलढाण्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५५ मुली होत्या. निर्बंध अनाठायी म्हणवत नाहीत. तथापि २०१२ च्या नियमाने सुवाह्य यंत्र, फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद वगळता, नोंदणीच्या जागेबाहेर वापरता येत नाही. दोन-तीन रुग्णालयांत फिरून भूल देणाऱ्या तज्ज्ञाला ते सोबत नेता येत नाही. रुग्णालयाचे स्वतःचे नोंदणीकृत यंत्र नसल्यास बरगड्यांमधील जुन्या पद्धतीच्या टोचणीवर वा वेदनाशामक औषधांवरच भागवावे लागते.