सकाळच्या गोळीमागचा इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पहाटेची नमाज झाली की मी एक छोटी पांढरी गोळी पाण्याबरोबर घेतो आणि तासभर चहाची वाट पाहतो. गेली नऊ वर्षे हा क्रम सुरू आहे. कॅन्सरमुळे माझ्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढावी लागली. ती जे काम न सांगता करीत होती, ते आता ही गोळी करते. भेटणारे म्हणतात, "चांगल्यातला कॅन्सर झाला तुम्हाला. एका गोळीवर भागतं!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. हा आजार बहुतेकांचा बरा होतो. पण हे 'भागणे' माणसाच्या वाट्याला कसे आले, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात थिओडोर कोचर नावाचे सर्जन होते. आल्प्सच्या डोंगराळ मुलखात आयोडीन कमी, त्यामुळे गलगंडाचे रोगी फार. त्या काळी गलगंड कापणे म्हणजे रक्तस्रावाने मरण ओढवून घेणे. कोचर यांनी ही शस्त्रक्रिया सुरक्षित केली. १८७४ मध्ये त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची ग्रंथी काढली. जखम भरली, मुलगी घरी गेली. काही वर्षांनी तिच्याकडच्या डॉक्टरांकडून कळले, की मुलगी पार बदलली आहे. वाढ खुंटली, बुद्धी मंदावली. कोचर यांनी जुन्या रोग्यांना पुन्हा बोलावले. संपूर्ण ग्रंथी काढलेले अठरा जण तपासता आले. त्यांपैकी सोळा जणांची गत थोड्याफार फरकाने तीच होती. जिनिव्हाचे रेव्हर्दिन यांनीही १८८२ मध्ये असेच अनुभव सांगितले होते. १८८३ मध्ये कोचर यांनी आपल्याच शस्त्रक्रियेचा हा परिणाम सर्जनांच्या सभेत मांडला. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मला मात्र त्यांचा मोठेपणा त्या १८८३ च्या कबुलीत दिसतो.

उपाय निघाला १८९१ मध्ये, इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे. जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी थायरॉईड मंदावलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईंना मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. त्या सुधारल्या. पुढे हे औषध तोंडाने देता येऊ लागले. त्या बाई आणखी २८ वर्षे जगल्या आणि त्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. एका माणसामागे एवढा कळप!

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी २५ डिसेंबर १९१४ रोजी या ग्रंथीतले मूळ द्रव्य, थायरॉक्सिन, शुद्ध रूपात मिळवले. पुढे डुकरांच्या सुमारे तीन टन ग्रंथींतून त्यांच्या हाती जेमतेम ३३ ग्रॅम थायरॉक्सिन आले. लंडनच्या चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये त्याची रचना उलगडली आणि १९२७ मध्ये बार्जर यांच्यासोबत ते प्रयोगशाळेत तयार केले. आमच्या खालांनी एकदा हळूच विचारले होते, "बेटा, ही गोळी कशापासून करतात?" मी हॅरिंग्टनची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

कॅन्सरच्या उपचारात आणखी एक पाऊल असते, किरणोत्सारी आयोडीनचे. थायरॉईडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. त्यांची ही हावच त्यांच्यावर उलटवायची. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये बोस्टनला थायरॉईडच्या अतिरेकी कामावर हा उपाय प्रथम केला. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या सायडलिन यांनी शरीरात पसरलेल्या थायरॉईड कॅन्सरवर तो लागू पडल्याचे प्रसिद्ध केले. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये मुंबईत रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले.

हे आयोडीन देण्यापूर्वी मला चार आठवडे गोळीविना राहावे लागले. आता काहींना इंजेक्शन देऊन हे टाळता येते, पण ते महाग. त्या चार आठवड्यांत मी कोचर यांचा रोगी झालो. मे महिन्यात अंगावर रजई. जिना चढताना अर्ध्यावर बसावे लागे. स्वतःच्या कवितेतला पुढचा शब्द आठवेना. नंतर काही दिवस वेगळ्या खोलीत काढले. मुलगी दाराबाहेर ताट ठेवून म्हणे, "अब्बा, जेवून घ्या." मी आतून 'हो' म्हणायचो, तेवढाच आमचा संवाद.

गोळी पुन्हा सुरू झाली, पण तिचे गणित नाजूक. मात्रा कमी पडली की सुस्ती, जास्त झाली की छातीत धडधड आणि रात्रभर जाग. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायचे. थायरॉईडला लागून कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार चिमुकल्या ग्रंथी असतात. शस्त्रक्रियेत त्या दुखावल्या, म्हणून माझ्या ओठांभोवती मुंग्या येतात आणि कॅल्शियमही घ्यावे लागते. तेही थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. रमजानमध्ये डॉक्टरांना विचारून गोळी रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतो. आपल्या मनाने वेळ बदलू नये, गोळी तर मुळीच सोडू नये.

आवाज मात्र पूर्वीचा राहिला नाही. गळ्यातल्या नसेला धक्का बसला. कविसंमेलनात माईक जवळ ओढावा लागतो, वरचा सूर लागत नाही. आज या ध्वनिमुद्रणातही दोनदा थांबावे लागले. तेव्हा कोणी "चांगल्यातला कॅन्सर" म्हणाले की आता मी वाद घालत नाही. त्या अकरा वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगतो. तिला ही गोळी मिळाली असती, तर तीही सकाळी उठून तासभर चहाची वाट पाहत बसली असती.