दिनविशेष : १६ एप्रिल
इकबाल मसीहची हत्या (१९९५)

ईस्टरचा रविवार. पाकिस्तानात लाहोरजवळच्या मुरिदके परिसरात भावंडांबरोबर सायकलवरून जाणाऱ्या इकबाल मसीहला गोळ्या घालण्यात आल्या. वय जेमतेम बारा.

घरच्यांनी घेतलेल्या ६०० रुपयांच्या उचलीपायी तो चौथ्या वर्षीच गालिच्याच्या मागावर बसला होता. उचल म्हणजे काय, हे आपल्या ऊसतोड मजुरांना वेगळे सांगायला नको : राबत राहायचे आणि कर्ज मात्र वाढतच जायचे. बारीक गाठी मारायला लहान बोटे लागतात, अशी सबब सांगून मुलांना मागावर बसवले जाई. दिवसभर वाकून बसल्याने आणि अर्धपोटी राहिल्याने इकबालची वाढच खुंटली. बाराव्या वर्षी तो सहा-सात वर्षांचा दिसे.

दहाव्या वर्षी तो वेठबिगारी मुक्ती आघाडीच्या सभेला पोहोचला, सुटला, शाळेत गेला आणि इतर मुलांनाही सोडवू लागला. १९९४ मध्ये बोस्टनला पुरस्कार घेताना हातात पेन धरून तो म्हणाला की, मुलांच्या हाती हे हवे, अवजारे नकोत.

त्याच्या मृत्यूची बातमी वाचून कॅनडातल्या क्रेग कीलबर्गर या बारा वर्षांच्याच मुलाने वर्गमित्रांना घेऊन बालमजुरीविरोधी संघटना उभी केली.