तंजावरचा हवाई तळ आणि आकाशरक्षणातील समन्वय

तमिळनाडूतील तंजावर हे शहर मराठी वाचकांना परिचित आहे ते भोसले घराण्याचे राज्य आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांमुळे. आज देशाच्या दक्षिणेकडील हवाई हद्दीच्या संरक्षणातही या शहराला महत्त्वाचे स्थान आहे. येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील असून, २७ मे २०१३ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या हस्ते हवाई दलाच्या तळाचे उद्घाटन झाले. २० जानेवारी २०२० रोजी सुखोई-३० एमकेआय विमानांची २२२ क्रमांकाची ‘टायगरशार्क्स’ तुकडी येथे दाखल झाली. या विमानांची दक्षिण भारतात तैनात झालेली ही पहिलीच तुकडी होय.

तथापि, केवळ लढाऊ विमानांच्या बळावर आकाशाचे रक्षण होत नाही. रडारवर दिसणारे विमान प्रवासी आहे की अनाहूत, हे प्रथम ठरवावे लागते. दक्षिणेकडील नागरी उड्डाणांचे नियमन भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या चेन्नई केंद्राकडे आहे, तर हवाई संरक्षणाची जबाबदारी हवाई दलाची आहे. नियोजित उड्डाणाचा आराखडा नागरी यंत्रणेकडून हवाई दलाकडे जातो आणि संरक्षणदृष्ट्या निर्धारित क्षेत्रातील उड्डाणांना हवाई दल मंजुरी क्रमांक देते. या नोंदींशी न जुळणाऱ्या विमानाची तत्काळ चौकशी होते. सागरी टेहळणीचे काम नौदल व तटरक्षक दल करतात. रामनाथपुरम जिल्ह्यातील ‘आयएनएस परुंदू’ हा नौदलाचा हवाई तळ त्यासाठीच आहे.

या साखळीतील एक दुवा निखळला तर काय घडते, हे पुरुलिया प्रकरणाने दाखवून दिले. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका परदेशी मालवाहू विमानातून शस्त्रास्त्रे टाकण्यात आली. याची पूर्वसूचना केंद्र सरकारला मिळाली होती. मात्र राज्य सरकारला ती नोंदणीकृत टपालाने कळविण्यात आली आणि घटना घडून गेल्यावर पोहोचली. काही दिवसांनी तेच विमान पुन्हा भारतीय हद्दीत आले असता हवाई दलाने त्याला मुंबईत उतरण्यास भाग पाडले. तेथेही सूत्रधार किम डेव्ही विमानतळावरून निसटला.

म्हणजेच, माहिती होती आणि विमानेही होती. उणीव होती ती वेळेवर संपर्काची. तंजावरहून झेपावणाऱ्या सुखोईचे यशही चेन्नईतील नियंत्रण कक्षातून येणाऱ्या अचूक माहितीवर तितकेच अवलंबून आहे.